जुना डेस्कटॉप भंगारात देण्याआधी

पुण्यातल्या नारायण पेठेतले डीटीपीचे दुकान, कोथरूडमधल्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरचा हिशेबाचा संगणक, रविवार पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याचे टॅलीचे यंत्र. तिन्ही ठिकाणी सकाळ बहुधा सारखीच उजाडते. बटण दाबायचे, उदबत्ती लावायची, चहा सांगायचा. चहा संपला तरी पडद्यावरचे ठिपके गोल फिरतच असतात आणि कॅबिनेटवरचा बारीक दिवा अखंड लुकलुकत असतो. मग कोणीतरी म्हणतेच, ‘आता नवा घ्यायला हवा.’

बहुतेक वेळा हा निर्णय घाईचा असतो. २०१२ ते २०१८ च्या दरम्यान घेतलेल्या डेस्कटॉपमधला आय-३ किंवा आय-५ प्रोसेसर पत्रे टाइप करणे, मेल पाहणे, हिशेब ठेवणे, बँकेचे व्यवहार करणे, मुलांचा ऑनलाइन वर्ग चालवणे एवढ्या कामांना आजही पुरून उरतो. घोडे अडते ते हार्ड डिस्कपाशी. तिच्या जागी एसएसडी बसवली, की सुरू व्हायला मिनिटे घेणारे यंत्र सेकंदांत कामाला लागते. जुन्या संगणकावर करता येणाऱ्या सगळ्या खर्चांत सर्वांत जास्त गुण देणारा खर्च हाच आहे, हे निःसंकोच सांगता येते.

मात्र त्याआधी निदान पक्के करावे. संगणक रखडलेला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘डिस्क’च्या रकान्यात १०० टक्के आणि ‘सीपीयू’च्या रकान्यात जेमतेम १०-१५ टक्के दिसत असतील, तर दोष डिस्कचा. ‘मेमरी’ ९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम अपुरी आहे. ४ जीबीची ८ जीबी करणे हे एसएसडीइतकेच गरजेचे. रॅम कमी पडली, की विंडोज तिचे काम डिस्कवर ढकलते. त्यामुळे दोन्ही आकडे एकदम चढलेले दिसले, तर दोन्ही बदल एकाच वेळी करून घ्यावेत.

हार्ड डिस्क एवढी हळू का, हे समजून घेतले तर खरेदीच्या वेळी कोणी फसवू शकत नाही. डेस्कटॉपच्या सर्वसाधारण हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या काट्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, आणि तो काटा योग्य रेषेवर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. या हिशेबाने विखुरलेल्या माहितीचे तुकडे सेकंदाला ७५-८० च उचलता येतात. विंडोज सुरू होताना तर हजारो बारीक फाइली वाचाव्या लागतात. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात पोऱ्याला प्रत्येक पुस्तकासाठी वेगळे माळ्यावर चढवावे, तशी त्या काट्याची गत होते. एसएसडीत फिरणारे काही नसते. सगळी माहिती फ्लॅश चिपमध्ये असते आणि कोणताही तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास हाती येतो. जाहिरातीतला ‘सेकंदाला ५५० एमबी’ हा आकडा मोठ्या फाइलींच्या सलग वाचनाचा असतो. संगणक चपळ झाल्याची जाणीव होते ती या बारीक तुकड्यांमुळे. म्हणूनच ५०० आणि ५५० एमबीच्या मॉडेलांत तुलना करत बसण्यात काही हशील नाही.

हेच तंत्र जुन्या मदरबोर्डावरही उपयोगी पडते. आपल्याकडे कोअर टू ड्युओच्या काळात जी-३१ आणि जी-४१ चिपसेटचे बोर्ड घरोघरी होते. त्यांच्यावरचे साटा कनेक्शन सेकंदाला ३ गिगाबिटचे, म्हणजे एसएसडीचा सलग वेग तिथे निम्म्यावर येतो. तरीही हार्ड डिस्कच्या तुलनेत फरक चटकन जाणवतो. रुंद, चपट्या पट्टीची आयडीई केबल असलेल्या त्याहून जुन्या यंत्रांवर मात्र पैसे घालू नयेत.

पैसे घालण्याआधी आणखी एका तारखेचा विचार व्हायला हवा. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा-सुविधा नाव नोंदवणाऱ्यांना एका वर्षासाठी, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर बाजारात आले ते २०१७ च्या अखेरीस. त्याआधीच्या यंत्रावर आडवाटेने विंडोज ११ चढवून देणारे तंत्रज्ञ भेटतात. ते चालते, पण त्याची हमी मायक्रोसॉफ्ट घेत नाही. कोअर टू ड्युओवर तर विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही. अशा यंत्रासाठी सरळ मार्ग लिनक्स मिंटचा. ते फुकट आहे, ४ जीबी रॅमवर नीट चालते, युनिकोड मराठी त्यात उत्तम उमटते आणि लिब्रे ऑफिसमध्ये पत्रव्यवहार व हिशेबाची कामे होतात. घरातल्या ज्येष्ठांना ब्राउझर, मेल आणि नातवंडांचे फोटो एवढेच लागत असेल, तर एसएसडी आणि मिंट ही जोडी पुरेशी आहे.

आता खरेदी. इथे सर्वांत जास्त चूक होते ती आकारात. एसएसडी मुख्यतः दोन रूपांत मिळते. एक अडीच इंची, पातळ डबीसारखी, साटा केबलने जोडायची. दुसरी एम.२, च्युइंगगमच्या पट्टीएवढी, थेट मदरबोर्डावरच्या खाचेत बसणारी. एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि दिसायला ते जवळजवळ सारखे असतात. एनव्हीएमईचा वेग कितीतरी पट जास्त, म्हणून दुकानदार ती पुढे करतो. पण इंटेलच्या दुसऱ्या, तिसऱ्या पिढीच्या बोर्डांवर ती खाचच नसते. अडॅप्टर लावून ती बसवली, तरी त्या काळातल्या बहुतेक बायोसना तिच्यावरून संगणक सुरू करता येत नाही. २०१६ च्या आधीच्या डेस्कटॉपसाठी डोळे मिटून अडीच इंची साटा घ्यावी. त्यानंतरचा असेल, तर मदरबोर्डाचा मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या माहितीपत्रकात ‘एनव्हीएमई बूट’ लिहिले आहे का, ते तपासावे.

क्षमता किती घ्यावी? केवळ विंडोज आणि ऑफिस असेल, तर २५० जीबी चालते. फोटो, पीडीएफ, टॅलीचा अनेक वर्षांचा डेटा असेल, तर ५०० जीबी घ्यावी. संगणक ५०० जीबीच्या जागी ४६५ दाखवतो, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या. दुसरा प्रश्न टिकण्याचा. एसएसडीवर किती लिहिता येईल याची हमी कंपनी टीबीडब्ल्यू या आकड्यात देते. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ मालिकेतल्या ५०० जीबीच्या मॉडेलला ५ वर्षे किंवा ३०० टीबी, यांपैकी जे आधी संपेल ते, अशी हमी आहे. घरच्या संगणकावर रोज ३० जीबी लिहिले जाते असे सढळ हाताने धरले, तरी ३०० टीबी संपायला २७ वर्षे लागतील. ‘एसएसडी लवकर खराब होते’ ही भीती घरगुती वापरापुरती बाजूला ठेवायला हरकत नाही. भावाबद्दल मात्र जुना अंदाज धरून दुकानात जाऊ नये. डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपचे भाव चढले. आधी दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी.

पुण्यात चौकशीचे हुकमी ठिकाण म्हणजे बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. केबलपासून कॅमेऱ्यापर्यंत इलेक्ट्रॉनिक्सचा सगळा माल तिथे आणि आसपासच्या बोळांत मिळतो. गाडी लावायला जागा मिळणे कठीण. त्यापेक्षा २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोने कसबा पेठ किंवा मंडईला उतरून चालत जाणे सोयीचे. एसएसडीबरोबर एक साटा डेटा केबल आणि अडीच इंची डबी साडेतीन इंची खणात बसवायची पट्टी हेही मागून घ्यावे. घरी येऊन केबल नाही म्हणून काम अडले, की पुन्हा पेठेत फेरी होते. जीएसटीचे बिल घ्यावे, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्यावा. तीन किंवा पाच वर्षांच्या हमीसाठी पुढे ते बिलच दाखवावे लागते. ऑनलाइन दिसणारी नाव न ऐकलेली ‘२ टीबी’ एसएसडी कवडीमोलाने मिळत असेल, तर ती घेऊच नये. अशा डब्यांत छोटी चिप घालून क्षमता खोटी दाखवलेली असते. ती क्षमता संपली, की पुढे लिहिलेले सगळे हरवते.

वस्तू घरी आली, की लगेच कॅबिनेट उघडायचा मोह होतो. तो आवरून आधी जुन्या डिस्कची तब्येत पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कचा स्वतःचा अहवाल दाखवते. तिथे ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असे पिवळे-लाल शेरे असतील, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर इतर सगळे बाजूला ठेवून महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तासन्‌तास क्लोनिंग चालवणे म्हणजे उरलासुरला डेटाही घालवणे.

डिस्क धडधाकट असेल, तर पुढचा प्रश्न येतो तो क्लोन करायचे की नव्याने विंडोज टाकायचे. बहुतेक तंत्रज्ञ ‘फ्रेश टाकून देतो’ म्हणतात. घरच्या साध्या संगणकासाठी ते उत्तमच. अनेक वर्षांचा कचरा जातो. विंडोज १० किंवा ११ चा डिजिटल परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असल्याने डिस्क बदलली तरी तो जात नाही, इंटरनेट मिळताच आपोआप लागू होतो.

पण पुण्यातल्या जुन्या डीटीपी दुकानांना हा सल्ला डोळे झाकून देता येत नाही. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, अभ्यासमंडळांच्या स्मरणिका यांचे कितीतरी वर्षांचे काम या यंत्रांवर पेजमेकरमध्ये, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये झालेले आहे. ही अक्षरे युनिकोडपूर्व काळातली. त्या फाइली उघडायला नेमका तोच फॉन्ट लागतो. तो नसला, की पानभर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. अशा सॉफ्टवेअरांची मूळ सीडी कधीच हरवलेली असते, आणि परवाना हार्डवेअर लॉकवर असेल तर त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालतोच असे नाही. त्यामुळे या यंत्रांचे क्लोनच करावे, म्हणजे जुनी डिस्क जशी आहे तशी एसएसडीवर उतरवावी. त्याआधी विंडोजमधला फॉन्ट्स हा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर काढून ठेवावा. पाच मिनिटांचे काम आहे, पण तेवढे केले नाही म्हणून जुने अंक परत टाइप करायची वेळ येऊ शकते.

यंत्रावर विंडोज एक्सपी असेल, तर एक अडचण लक्षात ठेवावी. पुसलेल्या जागेची माहिती एसएसडीला कळवणारी ट्रिम ही सोय विंडोज ७ पासून आली. एक्सपीत ती नाही. शिवाय एक्सपीने पाडलेले पार्टिशन एसएसडीच्या आतल्या रचनेशी जुळत नाही. क्लोन करताना ‘अलाइनमेंट’ दुरुस्त करणारा पर्याय निवडावा आणि एसएसडीचा चौथा हिस्सा रिकामा सोडावा. आणि एक्सपी किंवा विंडोज ७ चे यंत्र फक्त जुन्या फाइलींसाठी ठेवून त्याची इंटरनेटची वायर काढून टाकावी. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या संगणकावर तपासावा.

व्यापाऱ्यांसाठी एवढेच, की नव्याने विंडोज टाकण्यापूर्वी टॅलीचे लायसन्स सॉफ्टवेअरमधूनच ‘सरेंडर’ करावे आणि डेटाचा फोल्डर दोन ठिकाणी उतरवावा. सनदी लेखापालांची भेट ऐन जुलैत ठरलेली असताना हे काम काढू नये.

क्लोनिंगसाठी सॅमसंग, डब्ल्यूडी, किंग्स्टन अशा कंपन्या आपल्या एसएसडीसाठी सॉफ्टवेअर देतात. बहुधा ते त्या त्या कंपनीच्या एसएसडीवरच चालते. क्लोनझिला कोणत्याही कंपनीला चालते. मात्र त्याला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. १ टीबीच्या डिस्कवर फक्त १८० जीबी भरलेले असेल आणि एसएसडी ५०० जीबीची असेल, तर आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन आक्रसून घ्यावे, किंवा कंपनीचे सॉफ्टवेअर वापरावे. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुण्यात महावितरणची देखभालीची कामे बहुधा गुरुवारी निघतात, तेव्हा तो दिवस टाळावा आणि यूपीएस असेल तर त्यावरच संगणक चालवावा.

जोडणीचे काम पेचकस धरता येणाऱ्या कोणालाही जमण्यासारखे आहे. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि सुरू करायचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. समोरून पाहता डाव्या हाताची पत्र्याची बाजू मागच्या दोन स्क्रूंनी बसवलेली असते. ते काढून पत्रा मागे सरकवला, की उघडतो. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, अंगातली स्थिर वीज तिथेच उतरते. एसएसडीच्या एका कडेला शेजारी शेजारी दोन सपाट खाचा दिसतील, रुंद ती विजेची, अरुंद ती डेटाची. दोन्हींच्या टोकाला एल आकाराचे वळण असते, त्यामुळे केबल उलटी बसतच नाही. बसत नसेल तर जोर न लावता फिरवून पाहावी. खाचेतली प्लॅस्टिकची जीभ एकदा तुटली, की दुरुस्त होणे कठीण. डेटा केबलचे दुसरे टोक मदरबोर्डावरच्या साटा खाचेत जाते. आय-३, आय-५ च्या पिढीतल्या अनेक बोर्डांवर या खाचांचे रंग वेगळे असतात, कारण त्यांतल्या ठरावीकच ६ गिगाबिटच्या असतात; बोर्डावर बारीक अक्षरांत ‘६जी’ किंवा ‘साटा ३’ छापलेले सापडते. एसएसडी त्याच खाचेत लावावी.

विजेची साटा वायर शिल्लक नसेल, तर चार पिनांच्या जुन्या मोलेक्स वायरीवरून रूपांतर करणारी केबल मिळते. तिचे साटाकडचे टोक एकसंध ओतीव प्लॅस्टिकचे असेल, तर घेऊ नये. अशा केबलीत आतल्या तारा एकमेकींना टेकून वितळल्याच्या, पेटल्याच्या तक्रारी जगभर झाल्या आहेत. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेले, उघडता येणारे टोक सुरक्षित. कॅबिनेट उघडलेच आहे, तर ब्रशने धूळ झटकावी आणि मदरबोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल बदलावा. दर वेळी तारीख मागे जाणाऱ्या यंत्राला त्याचीच गरज असते.

नव्याने विंडोज टाकताना जुनी हार्ड डिस्क काढून ठेवावी. दोन्ही जोडलेल्या राहिल्या, तर सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाइली कधी कधी जुन्या डिस्कवरच जाऊन बसतात, आणि पुढे ती काढली, की संगणक सुरूच होत नाही. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय ठेवावा. जुने विंडोज आयडीई मोडवर टाकलेले असेल आणि त्याचाच क्लोन असेल, तर मोड अचानक बदलू नये; निळा पडदा येतो. अशा वेळी विंडोज १० असेल, तर आधी त्याला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मग बायोसमध्ये बदल करावा. शेवटी बूट क्रमात एसएसडी पहिली करावी.

एसएसडी बसली, की डीफ्रॅगचे जुने सॉफ्टवेअर काढून टाकावे. विंडोज ७ आणि त्यानंतरचे विंडोज ट्रिमचे काम स्वतः करते. दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी ठेवावी. आणि चुकून पुसलेली फाइल दुरुस्तीवाल्याकडून परत मिळेल, हा हार्ड डिस्कच्या काळातला भरवसा सोडून द्यावा. ट्रिममुळे पुसलेली जागा आतून खरोखरच रिकामी होते, आणि एसएसडी जाते तेव्हा बहुधा टकटक न करता, एकाएकी जाते. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या फोटोंसाठीही ती योग्य नाही, कारण वीज न मिळालेल्या फ्लॅश चिपमधली माहिती हळूहळू विरत जाते. धडधाकट असलेली जुनी हार्ड डिस्क त्याच कॅबिनेटमध्ये दुसरी म्हणून जोडून दर आठवड्याला तिच्यावर प्रत काढावी, आणि तिसरी प्रत घराबाहेर, बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवावी.

जुनी डिस्क वापरायचीच नसेल, तरी महिनाभर ती पुसू नये. विसरलेली फाइल आठवायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर ती पूर्ण पुसावी, केवळ क्विक फॉरमॅट करू नये. नाहीतर आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंट तिच्यातून सहज परत काढता येतात. मग ती रद्दीबरोबर देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांकडेच जायला हव्यात. पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेमार्फत ई-कचरा वेगळा गोळा केला जातो; दारात येणाऱ्या ताईंना किंवा जवळच्या आरोग्य कोठीत विचारावे आणि डिस्क त्यांच्याकडेच द्यावी.